चोखोबांची धर्मशाळा आणि आपला मठ
(दिंडीच्या शतकमहोत्सवी मेळाव्यात केलेलं भाषण)



 कीर्तनाला उभा राहिलो असतो तर अभंग धरला असता आणि मागं टाळकऱ्यांचा आधार असता. आज मला भाषण सांगितलंय. त्यामुळं जे बोलायचं ते सरळच बोलतो.

कमिटीनं मला सांगितलं, महाराज, इतिहासावर बोला. आपल्या दिंडीचा इतिहास याच पुस्तकात जाणत्या मंडळींनी लिहिलाय, तो मी परत सांगत नाही. मी पंढरपुरातल्या एका इमारतीची हकीगत सांगतो. ती धर्मशाळा म्हणून उभी राहिली आणि पुढं तिथं शिकणारी पोरं राहायला आली. ती ऐकून झाली की आपल्या मठाविषयी एक मागणं मागणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून द्या. पण ऐकून घ्या.

त्या इमारतीचं नाव चोखामेळा धर्मशाळा.

आता चोखोबा कोण हे वारकऱ्याला सांगायची गरज नाही. महाद्वारात नामदेवाची पायरी आहे, तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. आपण सगळे तिथं हात लावून मग आत जातो. चोखोबा राहणारे मंगळवेढ्याचे. शके १२६० मध्ये, म्हणजे सन १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. चोखोबा तिथं मजुरीला होते. भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर तेही त्याखाली गेले. नामदेवराय तिथं गेले, त्यांनी अस्थी शोधल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारात समाधी बांधली. ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

पण बघा, समाधी झाली ती दाराबाहेर. आणि पुढं सहाशे वर्षं चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्यानं त्या दाराबाहेरूनच कळसाला हात जोडायचे. गळ्यात माळ तीच, कपाळी बुक्का तोच, चालून फुटलेले पायही तसेच. तरी आत यायचं नाही. हे आपल्याच संप्रदायाच्या पंढरीत झालं. झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

देवळाचं तर सोडा, निवाऱ्याचं ऐका. पंढरपुरात मठ होते, फड होते, बडव्या-उत्पातांचे वाडे होते. ज्या त्या गावाची, ज्या त्या जातीची उतरायची जागा ठरलेली. आषाढाचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वर आभाळ, खाली चिखल. अशा वेळी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसानं बायकापोरं घेऊन राहायचं कुठं? वाळवंटात, झाडाखाली, नाहीतर गावाच्या कडेला. आजाऱ्यानं, बाळंतिणीनं काय केलं असेल, विचार करा.

हे गाडगेबाबांनी पाहिलं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परटाचं घर, नाव डेबूजी. बाप दारूपायी गेला. आजोळी दापुऱ्याला वाढले, मामाच्या शेतात राबले. म्हणजे आपल्यासारखाच कुणबाऊ हात. १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं. त्यावरून गाडगेबाबा हे नाव पडलं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. वारीला पंढरपूरला यायचे, वाळवंट झाडायचे, कीर्तन करायचे. देवळात मात्र जात नसत. त्यांचा देव बाहेर वाळवंटातच निजलेला होता, त्याला ओलं कोण देणार नाही ते बघायचं होतं.

बाबांनी लोकांकडून पैसा मागितला तो इमारतींसाठी. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दवाखान्याला आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. पंढरपुरात मराठा धर्मशाळा केली, परीट धर्मशाळा केली आणि चोखोबांच्या नावानं चोखामेळा धर्मशाळा केली. या चोखामेळा धर्मशाळेला आता शंभराच्या आसपास वर्षं झाली. आपल्या दिंडीच्याच वयाची म्हणा. आणि या सगळ्या मालमत्तेवर बाबांनी स्वतःच्या पोराबाळांचा हक्क ठेवला नाही. घरची माणसं झोपडीत राहिली, धर्मशाळा लोकांची राहिली.

ज्या माणसानं भिंत बांधता बांधता प्राण सोडला, त्याच्या नावानं पंढरपुरात त्याच्या माणसांना चार भिंती मिळाल्या. मला यात विठोबाचा हात दिसतो.

आता जरा बांधणीचं सांगतो, कारण ते कुणी बोलत नाही. धर्मशाळा म्हणा, मठ म्हणा, जुनी बांधणी एका मुशीतली असते. भीमेला पूर येतो म्हणून दगडी जोतं उंच घेतात. जोत्यावर लाकडी खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट. मधे उघडा चौक आणि चौकाच्या कडेनं सोपे. दोन खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणायचं. घर केवढं हे फुटांत नाही, खणांत सांगायचं. भिंतीत दिव्याचे कोनाडे आणि पडशी अडकवायला खुंट्या. चौकात आड, नसला तर रांजणांची ओळ. मागच्या अंगाला चुली. देवाची खोली एकच आणि ती सगळ्यात लहान, कारण मोठा देव देवळात आहे. घर आहे ते माणसांसाठी.

या बांधणीत चौक फार मोठी वस्तू आहे. रस्त्याकडची भिंत आंधळी ठेवली तरी चालते, उजेड आणि वारा चौकातून प्रत्येक सोप्यात जातो. रात्री शंभर माणूस निजलं तरी कोंडत नाही. भजन चौकात, पंगत चौकात, आजारी माणूस सोप्यात. एक माणूस चौकात बसला तर त्याला सगळं घर दिसतं.

आणि दरवाजा बघा. मोठ्या दरवाजाच्या फळीत एक लहान दार असतं, ज्यातून वाकून आत यावं लागतं. त्याला काय म्हणतात? दिंडी! आपल्या चालणाऱ्या मेळ्यालाही दिंडी आणि त्या लहान दारालाही दिंडी. रात्री मोठा दरवाजा बंद झाला तरी उशिरा आलेल्यासाठी दिंडी उघडी ठेवतात. नाव कुठून आलं ते पंडितांनी सांगावं. मला एवढं कळतं की दोन्हींचं काम माणसाला आत घेण्याचं आहे.

तुम्ही घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेलात तर लेणी बघितलीच असतील. तिथं तीन ताल म्हणून बारा नंबरचं लेणं आहे. एकाच खडकात तीन मजले कोरलेत. मधे मोठा मंडप आणि कडेनं निजायच्या लहान खोल्या. तिथं बौद्ध भिक्षू राहायचे, पूजा करायचे आणि शिकायचे. म्हणजे धर्माचं घर आणि विद्येचं घर एकाच आराखड्यात बसतं, हे आपल्या मुलखातल्या माणसांनी हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. मधे सगळ्यांची जागा, कडेला एकेकाची. भजनाला जे लागतं तेच अभ्यासालाही लागतं.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज निघालं. गाडगेबाबांवर बाबासाहेबांचा फार जीव आणि बाबांचा त्यांच्यावर. एक परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर आणि दुसऱ्याला अक्षरओळख नाही. पण दोघांचं दुखणं एक होतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत गाडगेबाबांनी पंढरपूरची ही चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या सोसायटीला देऊन टाकली. कशासाठी? गरिबाची, दलिताची पोरं तिथं राहून शिकावीत म्हणून. धर्मशाळेचं वसतिगृह झालं.

हे दान किती मोठं ते समजायचं तर त्या काळची अडचण समजली पाहिजे. तालुक्याच्या गावात शाळा होती. पण खेड्यातलं पोरगं शाळेत जाणार कसं? रोज पंधरा मैल चालून येणं-जाणं होत नाही. भाड्यानं खोली घ्यावी तर जात विचारून दार लावून घ्यायचे. पाणी भरायची चोरी, जेवायची पंचाईत. शाळेचं दार उघडं, पण निजायला जागा नाही म्हणून शिक्षण बंद. बाबांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. ज्या घरात वारकऱ्याची अडचण भागली होती, त्याच घरात आता पोरांची अडचण भागली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही हेच ओळखलं होतं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. १९२४ साली साताऱ्याला त्यांनी बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. १९२७ ला महात्मा गांधींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. आधी राहायची-जेवायची सोय, मग अक्षर. याच भाऊरावांच्या संस्थेनं १९५४ ला कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. न शिकलेल्या माणसाचं नाव कॉलेजला!

कुणी म्हणेल, हे समाजसुधारकांचं झालं, वारकऱ्यांचं काय? तर १९१७ साली आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, ती शाळाच होती. पोरांनी माधुकरी मागून ज्ञानेश्वरी शिकायची. आणि मे १९४७ मध्ये पंढरीचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, ते कुठं? पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात. सगळीकडून विरोध होत असताना एका वारकरी मठानं आपला सोपा त्यांना दिला. मग मंदिर उघडलं. चोखोबांची माणसं समाधीपाशी न थांबता आत गेली. तो मठ गुरुजींना जागा देऊन बाटला का? उलट आज त्या मठाचं नाव आपण मानानं घेतो.

आता आपल्या मठाकडे या.

आपल्या वाडवडिलांनी दिंडी काढली तेव्हा उतरायला जागा नव्हती, राहुट्या टाकायचे. नंतर घरटी पायली-पायली जोंधळा काढून, हातउसने करून मठ बांधला. जोतं दगडी, खांब सागवानी, खाली बारा खण, चौकात तुळस, माडीवर आठ खोल्या. बांधणारे सगळे गेले, पण खांब अजून ठाक उभे आहेत.

हा मठ वर्षातले किती दिवस उघडा असतो? चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. चार वाऱ्यांचे मागचे-पुढचे दिवस धरून महिना भरतो. बाकी अकरा महिने दाराला कुलूप. वाळवी लागते, पारवे घाण करतात, दरवर्षी आषाढीच्या आधी दोन दिवस झाडण्यात जातात. घराला माणसाचा वावर लागतो. वावर नसलेलं घर पडतं, हे शेतातल्या खोपीवरून आपल्याला कळतं.

आणि इकडं आपल्या गावात काय आहे? शाळा दहावीपर्यंत. दहावीनंतर पोरगं मोटारसायकलवर, मित्राच्या खोलीवर, कसंही करून पंढरपूरला शिकतं. पोरीचं शिक्षण एसटी जिथं संपते तिथं संपतं. मायबाप हो, मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, राहायची सोय नव्हती, म्हणून पाटी ठेवली आणि बैलं धरली. विठोबानं गळा दिला म्हणून तुमच्यासमोर उभा तरी आहे. माझ्याबरोबर पाटी ठेवणाऱ्या सगळ्यांना गळा नव्हता. कोणाची बुद्धी कुठं गेली असती हे आता कोण सांगणार?

म्हणून माझं मागणं असं. शतकमहोत्सवाच्या वर्गणीतून मठाच्या दर्शनी बाजूला संगमरवरी मंडप बांधायचा विचार चालला आहे. मंडपाला माझा विरोध नाही. पण त्याच्या आधी माडीवरच्या आठ खोल्या दुरुस्त कराव्यात, संडास-न्हाणीघर नीट बांधावं, वीज घ्यावी आणि आपल्या पंचक्रोशीतल्या शिकणाऱ्या मुलींना राहायला द्याव्यात. खोलीत तिघी धरल्या तर चोवीस मुली होतात. कुठल्याही जातीची असो, गरीब आणि शिकणारी एवढंच बघावं. आपल्या दिंडीतल्या दोन जाणत्या बायांनी पाळीपाळीनं तिथं राहावं. खालचा चौक, सोपे आणि देवाची खोली दिंडीचीच राहील. नित्य काकडा आणि हरिपाठ होईल. आज अकरा महिने तोही बंद असतो, हे लक्षात घ्या.

यावर मंडळींनी घेतलेल्या शंका मला ठाऊक आहेत, म्हणून एकेक बोलतो.

पहिली शंका, आषाढीला आम्ही उतरायचं कुठं? त्या आठ-दहा दिवसांत माडी दिंडीची. मुली आपल्याच घरच्या आहेत, आपल्या आयांच्या शेजारी झोपतील. उलट दिंडी वाखरीला पोचली की त्या सामोऱ्या येतील. आपण दमून मठात शिरायच्या आत घर झाडलेलं असेल आणि रांजण भरलेले असतील.

दुसरी शंका, मठ हातचा जाईल. मठ कोणाला विकायचा नाही की लिहून द्यायचा नाही. गाडगेबाबांनी अख्खी धर्मशाळा दिली, आपण तेवढे मोठे नाही. मालकी दिंडीच्या ट्रस्टची राहील. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात धर्मादाय कामं मोजली आहेत, त्यात शिक्षण आहे. वकिलाला विचारून, धर्मादाय कचेरीत काय कागद लागतो तो करून, रीतसर करायचं. तोंडी काही ठेवायचं नाही.

तिसरी शंका, जुनं पाडून सिमेंटची इमारत करावी, खोल्या जास्त निघतील. निघतील, पण चौक जाईल. मग दिवसा दिवा लावावा लागेल आणि आषाढीला भजनाला जागा उरणार नाही. खांब बदलावा लागला तर बदला, कडीपाटाला वाळवीचं औषध मारा, पण चौक झाकू नका. त्या बांधणीत दिंडीही मावते आणि शाळकरी पोरही.

चौथी शंका तोंडानं कोणी बोलत नाही, मी बोलतो. कुठल्याही जातीची पोर आपल्या मठात राहणार, चुलीपाशी जाणार, ते कसं? मायबाप, वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा जात विचारत नाही. मग वारी संपल्यावर मठाच्या उंबऱ्यात विचारायची असेल तर चोखोबांच्या समाधीला हात लावून आत जाण्याचा आपल्याला हक्क राहत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. धर्मशाळा देणारा गेला आणि घेणाराही गेला. पण त्या घरात राहून जी पोरं शिकली त्यांच्या घरांतून अक्षर हललं नाही, ते पुढच्या पिढीला गेलं.

शंभर वर्षं आपली दिंडी चालली. ज्यांनी पायली-पायली जोंधळा दिला त्यांची नावं या पुस्तकात छापली आहेत. त्यातल्या पुष्कळांना सही येत नव्हती, अंगठे आहेत. त्यांनी मठ बांधला तो गावातल्या माणसाला पंढरपुरात निवारा मिळावा म्हणून. शिकायला गेलेली पोर हे गावातलं माणूसच आहे. तिला निवारा दिला तर त्यांचा संकल्प मोडत नाही, अकरा महिने जास्त चालतो.

येत्या दशमीला कीर्तन झाल्यावर सगळ्यांनी थांबावं. बायांनी आवर्जून थांबावं, कारण वर्गणी त्यांच्याही कमाईची आहे आणि पोरी त्यांच्या आहेत. त्या रात्री हा ठराव मांडायचा, होय का नाही ते हात वर करून सांगायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. होय झालं तर जूनच्या आत खोल्यांचं काम उरकायचं, म्हणजे शाळा उघडताना मठाचीही दिंडी उघडेल.

काही अधिक-उणं बोललो असेन तर लेकराचं बोलणं म्हणून पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! राम कृष्ण हरी!